पहिल्या घाण्याची गाडी

"मावशी, पार्ट ओरिजिनल आहे का?" हा प्रश्न ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. विचारणाऱ्याला ओरिजिनल म्हणजे काय ते ठाऊक नसतं, तरी हातातला पार्ट तो बाजारात किडकं वांगं धरावं तसा दोन बोटांत धरतो. "मग हा असा कसा दिसतो?" म्हणे. अरे बाबा, तो जन्मालाच तसा आला म्हणून तसा दिसतो. तुझ्या पुस्तकातल्या फोटोसारखं दिसायचं त्याने कधी कबूल केलं होतं?

या अंकाचे संपादक लिहा म्हणाले तेव्हा मी म्हटलं, मला बोलता येतं, लिहिता येत नाही. तर म्हणाले, बोलता तसंच लिहा. लिहून राहिले. पण मी बोलायला लागले की राग आधी येतो आणि गोष्ट मागून येते, हे आत्ताच सांगून ठेवते.

माझं काम जुन्या गाड्यांच्या गाद्यांचं. गाद्या, दारांचे आतले पुठ्ठे, छताचं कापड. माझं माहेर उमरेडचं, विणकराचं. घरात माग होते तोवर कापड हाताला लागलं की कोणत्या मागावरचं ते कळायचं. पुढे माग बंद झाले, भाऊ दुसऱ्या कामांना लागले, आणि मी लग्न होऊन नागपुरात आले. इतवारीच्या मागच्या गल्लीत आमच्या यांचं सीट कव्हरचं दुकान होतं. हे मशीनवर बसायचे, मी उसवायला. उसवणं लोकांना हलकं काम वाटतं. पण मी जे काही शिकले ते उसवताना शिकले. जुनी गादी उसवली की आत कारखान्यातला माणूस सापडतो. त्याने टाका कुठे घाईत घातला, कुठे कापड कमी पडलं म्हणून जोड दिला, कुठे एका गाडीची पट्टी संपली म्हणून दुसऱ्या गाडीची लावली, सगळं आत तसंच्या तसं असतं.

बाहेरच्या माणसाला समजेल असं सांगते. चकली करताना पहिला घाणा कसा होतो? एक चकली तुटते, एक तेल पिते, एकीला काटाच येत नाही. मग आपण भाजणीत थोडं मोहन वाढवतो, आच कमी करतो, आणि तिसऱ्या घाण्यापासून चकल्या सारख्या पडायला लागतात. डब्यात वरती आपण त्या सारख्या चकल्या लावतो. गाडीच्या कारखान्याचंही तसंच. आपल्याकडे त्या काळी कितीतरी गाड्या विलायतेहून खोक्यांत सुट्या यायच्या आणि इथे जुळवल्या जायच्या. पहिल्या खेपेत एक पार्ट कमी पडला की दुसरा लावायचे. एखादी वस्तू गैरसोयीची निघाली की पुढच्या खेपेत तिची जागा बदलायचे. पाठीमागचा दिवा आधी काचेचा, मग प्लास्टिकचा. सामान ठेवायच्या कप्प्याला आधी झाकणच नाही, मग लोकांनी ओरड केली तेव्हा झाकण. आणि सगळं स्थिरस्थावर झालं की मग फोटो काढून पार्टांचं पुस्तक छापायचे. म्हणजे पुस्तकात फोटो कोणाचा? तिसऱ्या घाण्याचा. आणि आज गाडीवाला ते पुस्तक घेऊन पहिल्या घाण्याच्या गाडीसमोर उभा राहतो आणि म्हणतो, ही नकली आहे.

यावर माझा एक साधा उपाय आहे. पार्टाकडे पाहू नका, पार्ट काढा आणि त्याच्याखालची जागा पाहा. जो पार्ट पहिल्यापासून तिथे आहे, त्याच्याखाली कारखान्याचा पहिला रंग कोरा राहतो, अगदी त्याच्याच आकाराचा. मधेच कोणी दुसरा बसवला असेल तर दोन आकार एकमेकांवर चढलेले दिसतात. शाळकरी पोरालाही दिसेल. फक्त पाहायची इच्छा पाहिजे.

ती नसते. सिव्हिल लाइन्समधले एक गृहस्थ होते. त्यांच्या गाडीला पहिल्या खेपेचे काचेचे, लिंबाएवढे दिवे होते. इतके नाजूक की मला हात लावायची भीती वाटायची. त्यांनी पुस्तकाप्रमाणे मोठे प्लास्टिकचे दिवे बसवले, त्यासाठी गाडीचा चांगला पत्रा कापून भोक मोठं केलं, आणि काचेचे दिवे मला भेट द्यायला घेऊन आले. "तुमच्या देवघरात छान दिसतील," म्हणे. मी म्हटलं, माझ्या देवाला उजेड आहे, तुमच्या गाडीचा तुम्ही घालवला. त्यांना तो विनोद वाटला. हसत हसत गेले.

आणि एकाला नवी गादी जुनी दिसायला हवी होती. मी पंधरवडा खपून शिवलेली गादी त्याने घरी नेऊन चहाच्या पाण्याने पुसली. दुसऱ्या आठवड्यात तिच्यावर मुंग्या. परत माझ्याकडे आला, तर मी म्हटलं, आता खरी जुनी झाली, जा.

हे झाले हसण्यासारखे. पण ज्या गाडीसाठी मी लिहायला बसले, तिच्यात हसण्यासारखं काही नव्हतं. तिथे पार्टावरून माणूस खोटा ठरला होता.

हुडकेश्वरला प्रमोदभाऊ म्हणून राहतात. नोकरीतून निवृत्त झालेले. माणूस वाईट नाही, पण समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही. गाडी त्यांच्या वडिलांची. वडील डॉक्टर, रामटेकच्या आजूबाजूच्या खेड्यांत गाडी घेऊन फिरायचे. गाडीच्या कंपनीचं नाव मी लिहीत नाही, नाहीतर उद्या सकाळी दहा जण दारात. वडील गेले, आणि गाडी रामटेकला मोठ्या भावाकडे राहिली. वासुदेवराव त्यांचं नाव. धानाची शेती करतात. त्यांनी गाडी गोठ्याशेजारच्या छपरात ताडपत्रीखाली ठेवली. दसऱ्याला धुवायची, हार घालायचा, इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं आणि पुन्हा झाकायची. असं वर्षानुवर्षं.

मग प्रमोदभाऊंच्या मुलीचं लग्न ठरलं. आजोबांच्या गाडीतून नवरी न्यायची, असं त्यांच्या मनात आलं. चांगलंच आलं. वासुदेवरावांनी एका शब्दाने नाही म्हटलं नाही, ट्रकवर चढवून गाडी पाठवून दिली. प्रमोदभाऊंनी ती हिंगण्याच्या एका वर्कशॉपला दिली.

तिथला मालक तरुण, कामाला नीट. त्याने पार्टांचं पुस्तक उघडलं आणि सांगितलं, दिवे चुकीचे आहेत, कप्पा चुकीचा आहे, आणि दारांची आतली हँडलं तर भलत्याच जागी आहेत. पुस्तकात हँडल पुढे, काच खालीवर करायच्या मुठीजवळ. या गाडीत ते अगदी मागे, कुलपाला लागून, बसलेल्या माणसाच्या कोपराच्याही मागे. म्हणाला, कोणीतरी मूळचे पार्ट काढून घेतले आणि दुसऱ्या गाडीचे डकवले. आता त्या मुलाने 'कोणीतरी' म्हटलं. पण गाडी इतकी वर्षं कोणाकडे होती? प्रमोदभाऊंनी रामटेकला फोन लावला आणि बाबांच्या गाडीचे पार्ट विकून खाल्ले म्हणून सांगून मोकळे झाले. लग्नाच्या पत्रिका छापल्या, साऱ्या गावाला गेल्या. नवरीच्या सख्ख्या काकाला गेली नाही.

हे सगळं त्यांनी मला गाद्या देताना सांगितलं, ते असं, जणू अन्याय त्यांच्यावर झाला.

"बाबा गेले तेव्हापासून मी त्या गाडीत बसलो नाही, मावशी," ते म्हणाले. "मी नोकरीपायी बाहेरगावी. सुट्टीत गेलो तरी दादा ताडपत्री काढू देत नव्हता, धूळ बसते म्हणे. आता समजलं काहून काढू देत नव्हता ते."

मी गाद्या उसवायला घेतल्या. आत नारळाचा काथ्या, खाली तागाच्या पट्ट्या, मेण लावलेल्या दोऱ्याचे हातटाके. पुढच्या खेपांत काथ्याही जातो आणि हातटाकाही. ही गादी कारखान्यातून निघाली ती कोणी उघडलीच नव्हती. म्हणजे पहिला घाणा. आणि पहिल्या घाण्यात हँडल मागेच असायचं. मी अशा दारांचे पुठ्ठे उसवले आहेत. लोकांना हात मागे वळवून दार उघडायला त्रास व्हायचा, म्हणून पुढच्या खेपेपासून कारखान्याने दारात एक दांडी टाकून हँडल पुढे आणलं. एवढी साधी गोष्ट.

मी प्रमोदभाऊंना फोन केला, म्हटलं, मला जुनी दारं दाखवा, हँडलाखालची जागा पाहू द्या, पाच मिनिटांत तुमच्या भावाचा निकाल लागतो. तर म्हणाले, दारं पत्र्यापर्यंत घासून झाली, मागची भोकं भरली, पुढे नवीन हँडल बसवलं, रंगही दिला. मी विचारलं, जुनी हँडलं कुठे आहेत? म्हणाले, बाकीच्या चुकीच्या सामानासोबत भंगारवाल्याला दिली.

मी कात्री खाली ठेवली. एखाद्यावर चोरीचा आळ घ्यायचा, आणि तो निर्दोष असल्याचं जे एकच सांगू शकतं ते स्वतःच्या हाताने घासून पुसून टाकायचं, वर पैसे देऊन! आणि पुन्हा याला म्हणायचं, गाडी 'मूळ रूपात' आणली. कोणाच्या मूळ रूपात? त्या गाडीच्या बापाने कधी तिला या रूपात पाहिलं नव्हतं.

वर्कशॉपच्या मुलाशीही मी बोलले. तो भांडला नाही. म्हणाला, असेल मावशी तुम्ही म्हणता तसं, पण माझ्या पुस्तकात नाही, मी कशाच्या भरवशावर काम करू? त्याच्या जागी तो बरोबर होता. त्याने पार्टाबद्दल मत दिलं. माणसाबद्दलचं मत प्रमोदभाऊंनी जोडलं. त्यांना मी पुन्हा सांगून पाहिलं, तर त्यांनी मला वाटेलाच लावलं. "मावशी, तुम्ही गादीचं पाहा. हँडलाचं तेथले लोक पाहतात."

बरं. मी गादीचं पाहिलं.

गादी झाली की ती गाडीत बसवून मालकाला बसवून पाहावं लागतं, ही माझी पद्धत. आणि नुसतं बसवून भागत नाही. नव्या गादीवर माणूस फोटोला बसावं तसा ताठ बसतो. त्याचा खरा भार कुठे पडतो, पाठ कुठे टेकते, ते तो बसल्याचं विसरतो तेव्हाच कळतं. म्हणून मी त्याला बोलण्यात गुंतवते आणि खाली वाकून काथ्या कुठे दबतो ते पाहते. कोणी राजकारणावर खुलतं, कोणी जावयावर.

हिंगण्याहून गाडी आमच्या गल्लीत आली. रंग असा चकचकीत की समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याने तिच्यात पाहून केस सारखे केले. प्रमोदभाऊ पुढच्या डाव्या सीटवर बसले. मी म्हटलं, लहानपणी कुठे बसायचे? म्हणाले, इथंच, बाबांच्या बाजूला. मग मी त्यांना तेच विचारत गेले. आणि माणूस खुलला. बाबा कोणत्या गावाला जायचे, पेशंट फीच्या बदल्यात कधी तांदूळ तर कधी बोरं कशी द्यायचे, उन्हाळ्यात ही सीट कशी चटके द्यायची. दादा तेव्हा शेतावर, म्हणून गाडीत बाबांसोबत मीच असायचो, हेही सांगून झालं. पाठ टेकली, खांदे सैल पडले. मी खाली वाकलेली. काथ्या छान बसला होता.

"एका मालगुजाराचा वाडा होता," ते सांगत होते. "त्याच्या फाटकाशी बाबा गाडी थांबवायचे अन् म्हणायचे, उतर प्रमोद, फाटक उघड."

आणि हे बोलता बोलता त्यांचा डावा हात मागे गेला. कोपर वळवून, कमरेच्याही मागे, दाराच्या अगदी शेवटाला. तिथे मी नुकतंच चढवलेलं गुळगुळीत रेक्झिन. त्यावर त्यांची बोटं काहीतरी चाचपत राहिली.

मी पाहिलं. मग त्यांनीही पाहिलं.

"काय शोधून राहिले, भाऊ?" मी विचारलं.

"हँडल."

"हँडल तर समोर आहे जी."

त्यांनी समोरच्या हँडलाकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. हात अजून तिथेच होता, मागे.

"बाबा गेले तेव्हापासून तुम्ही या गाडीत बसले नाही म्हणता," मी म्हटलं. "मंग या हाताले ते जागा कोणं शिकवली?"

ते म्हणाले, कदाचित दुसऱ्या कोणत्या गाडीची सवय असेल. मी म्हटलं, असेल, कोणती होती दुसरी? त्यावर ते स्वतःच म्हणाले, आमच्याकडे दुसरी गाडी कधी नव्हतीच.

गाडीतून उतरायला त्यांना दार उघडेना. मीच बाहेरून उघडलं. दुकानातल्या स्टुलावर बसून पाणी प्यायले. मला वाटलं, आता हा माणूस उठेल आणि सरळ रामटेकची वाट धरेल. कसलं काय! म्हणाले, "मावशी, तुम्हीच दादाले फोन करून सांगा ना. तुम्ही समजावून सांगाल."

तेव्हा मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, "चोर म्हणायले माझी गरज पडली होती काय? तो फोन तुम्ही केला, हाही तुम्हीच करा." आणि गाद्या गाडीतून काढून आत नेऊन ठेवल्या. म्हटलं, वासुदेवराव येऊन या गाडीत बसत नाहीत तोवर या माझ्या दुकानातून हलणार नाहीत. न्यायचीच तर नवरीला पाटावर बसवून न्या. माझा तसा काही हक्क नव्हता, मला माहीत आहे. पण इतकी वर्षं मी लोकांच्या गाड्या उसवल्या, त्यांच्या घरात कधी बोलले नाही. या खेपेला बोलले.

त्यांनी फोन केला. काय बोलले ते मी ऐकलं नाही, ते गल्लीच्या टोकाला जाऊन बोलत होते. दोन दिवसांनी वासुदेवराव आले, एसटीने. उंच माणूस, पांढरा सदरा, पायात शेतातल्याच चपला. मला नमस्कार केला, भावाकडे पाहिलं नाही. गाडीभोवती एक चक्कर मारली. मागे थांबले, दिव्यांपाशी. मग ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून आत न बसता, वाकून नुसते दाराच्या आतल्या बाजूकडे पाहत राहिले. जिथे हँडल असायचं तिथे त्यांनी पंजा ठेवला.

"बाबाचे हँडल कुठी गेले?" त्यांनी विचारलं.

प्रमोदभाऊ माझ्याकडे पाहायला लागले. मी मशीनमध्ये दोरा ओवायला घेतला. इथे मी तोंड उघडलं असतं तर पुन्हा एकदा ते सुटले असते.

"मी भंगारात देले, दादा," ते म्हणाले.

"सगळे?"

"सगळे. दिवेही."

वासुदेवरावांनी मान हलवली. म्हणजे राग आला असं नाही, वाईट वाटलं असंही दाखवलं नाही. हिशोब ऐकून घ्यावा तशी हलवली. बाबांचा हात रोज ज्याला लागत होता ते पितळ कोणत्या भट्टीत गेलं असेल, याचा विचार मी त्या दिवशी केला आणि अजूनही करते. तसं हँडल आता मिळायचं नाही. आणि उद्या कोणी जाणकार या गाडीला प्रदर्शनात बक्षीस देईल आणि वर म्हणेल, वा, सगळं पुस्तकाप्रमाणे आहे. मला त्या बक्षिसाचं नाव ऐकायचं नाही.

मी गाद्या आणून बसवल्या. वासुदेवराव बसले, ड्रायव्हरच्याच जागी. ते ताठ बसले नाहीत. त्यांना बोलण्यात गुंतवायची वेळच आली नाही.

प्रमोदभाऊ खिडकीशी आले. खिशातून पत्रिका काढली, दोन्ही हातांनी पुढे केली. "दादा, माया हातून चुकलं. पोरीच्या लग्नाले ये."

वासुदेवरावांनी पत्रिकेला हात लावला नाही.

"मले इथं रस्त्यावर नोको देऊ," ते म्हणाले. "घरी चाल अन् तुया वहिनीच्या हातात दे. तू चोर म्हणून फोन केला होता ना, त्या दिवशी मी वावरात होतो. फोन तिनं उचलला होता."

प्रमोदभाऊंनी पत्रिका परत खिशात ठेवली, गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेले आणि आत बसले. रामटेकच्या दिशेला गाडी वासुदेवरावांनी काढली.